नुसते हात ठेवा

सिलतऱ्याच्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. रोज सकाळी अडीचशे कामगारांपुढे उभा राहून, भट्टीजवळ काही झालं तर घाबरायचं कसं नाही, हे मी भोंग्यावर सांगतो. तुम्हाला भोंगा कशाला लागतो, असं माझी बायको मंजिरी विचारते. तर अशा या शूर माणसाला एका गुरुवारी रायपूरच्या दवाखान्यात सव्वा किलोच्या मुलीला धरायला बोलावलं आणि त्याची पाचावर धारण बसली.

मुलगी माझीच. अडीच महिने आधीच आलेली, अजून नावही न ठेवलेली. इतक्या लवकर आलेल्या बाळांच्या डोळ्यांचा मागचा पडदा कच्चा असतो. बिघाड वेळेत कळला तर नजर वाचते, नाहीतर जाते. तपासणारे डॉक्टर दर गुरुवारीच येत. मंजिरीचे टाके पिकलेले, ती वरच्या मजल्यावर पडून. सासूबाईंना नागपूरहून बोलावू, असं मी सुचवून पाहिलं. त्या येईपर्यंत गुरुवार थांबणार नाही, असं मंजिरी म्हणाली आणि भिंतीकडे वळून रडली.

बाळांच्या कक्षातल्या शेवंता सिस्टर आमच्याच बोलीच्या, बीरगावला राहणाऱ्या. त्यांनी मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मग मुलीला कापडात गुंडाळून तिच्या जिभेवर साखरपाण्याचे थेंब सोडले. त्यानं दुखणं कमी जाणवतं म्हणे. पापण्या उघड्या ठेवायला डॉक्टरांनी बारीक तारेचा चिमटा लावला, आणि मुलगी किंचाळली. किंचाळली म्हणजे काय, मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. पण माझ्या काळजाचं पाणी झालं.

आणि मग मी ते केलं. आमच्याकडे मूल पडलं की मोठी माणसं जमिनीला मारतात. 'हात रे, माझ्या बाळाला लावलं?' म्हणत फरशीला दोन धपाटे देतात, मूल हसतं. माझ्या सगळ्या बालपणी फरशीनं असा मार खाल्ला. मी त्याच सवयीनं, भोंग्याच्या आवाजात 'हात रे!' म्हणून पाळण्याच्या कडेवर दणका घातला.

मुलगी अख्खी दचकली. कापडातल्या कापडात हातपाय झाडले, ओठ निळसर झाले. वरच्या पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याण्णववरून शहात्तरवर आला आणि यंत्र बोंबलू लागलं. डॉक्टरांनी चिमटा काढला. हिंदीत, शांतपणे म्हणाले की आणखी एकदा असं झालं तर आज तपासणी होणार नाही. म्हणजे पुढचा गुरुवार. तोवर डोळ्याचं काय होईल, कोण जाणे. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"भैया, ठोकून काहून राहिले?" शेवंता सिस्टर म्हणाल्या. "घरच्या पोट्ट्यायले चालते ते. इले नाही चालत. थापटू नका, बोलू नका. नुसते हात ठेवा."

त्यांनी माझा एक तळवा तिच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्यात तिचे दुमडलेले पाय दिले. आकडा हळूहळू वर आला. पुन्हा साखरपाणी, पुन्हा चिमटा. ती रडली. मी काही केलं नाही. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. नाकावरून घाम ओघळत होता, डोळेही गळत होते, आणि पुसायला हात नव्हता. माझ्या तळव्याखाली ती आधी ताठरली, मग सैल पडली, आणि ओठ चोखू लागली. आकडा नव्वदच्या खाली गेला नाही. डॉक्टरांनी दोन्ही डोळे पाहिले. सध्या ठीक आहे, दोन आठवड्यांनी परत पाहू, म्हणाले.

मी वर गेलो. मंजिरीनं विचारलं, "रडली काय जी?"

"डॉक्टरनं कमी रडवलं, म्या जास्त," मी म्हटलं आणि दणक्यासकट सगळं सांगितलं. टाके धरून ती हसली. मग म्हणाली, की दोन आठवड्यांत ती स्वतः चालायला लागेल, पुढच्या वेळी मुलीला तीच धरेल.

तुझे टाके ओले आहेत, मीच धरतो, असं मी म्हटलं. तोवर ते सुकलेले असतील, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.