रजेचं उत्तर

उलव्याच्या मिथुनने बहिणीच्या लग्नासाठी रजा मागितली होती. कंपनीचा मेल आला, ‘वुई हॅव टु लेट यू गो.’ जायची परवानगी मिळाली असं समजून त्याने आभार कळवले.

लग्नानंतर कामावर आला, तर गेटवर वॉचमन कमळाकरकाकांनी अडवलं. “तुला नोकरीवरून काढलाय, पोरा. त्या इंग्रजीचा अर्थ तोच हाय.”

“खोटं बोलता!” मिथुनने त्यांना आपटलं आणि छातीवर बसून तोंडावर ठोसे हाणले. काकांचा दात तुटला, शर्ट रक्ताने माखला. धावत आलेल्या हमालांनी मिथुनला लाथांनी तुडवलं.

“सोडा त्याला,” काका रक्त थुंकत म्हणाले. “त्या मेलचा अर्थ मला पन समजला नव्हता. साहेबांनी सांगितला.”

पोलीस आले, पण काकांनी तक्रार दिली नाही. मिथुनला मात्र त्यांच्याकडे बघवेना.