पाणी प्यालेली मोटार

"अजून एक हिसका दे, बिरप्पा! जोर कुटं गेला तुझा?"

बिरप्पा गड्याने मोटारीचं हँडल पुन्हा गरकन फिरवलं. मोटार एकदा खोकली आणि गप्प झाली. मडिवाळप्पा ड्रायव्हरने कपाळावरचा घाम बाहीला पुसला. ओसरीवर तक्क्याला टेकून अक्कलकोटचे पाहुणे बसले होते, आणि त्यांच्याशेजारी घराचा धनी ईरप्पा ओठ चावत बसला होता. पाहुणे त्याच्या लेकीला सून करून घ्यायचं म्हणून आले होते. त्यांना मोटारीतून सिद्धेश्वराच्या देवळाला नेतो, असं ईरप्पाने आल्या आल्या सांगून टाकलं होतं. आता पाहुण्यांचे फेटे बांधून तयार होते आणि मोटार जागची हलत नव्हती.

मोटार ईरप्पाच्या वडिलांनी, सिद्धलिंगप्पांनी, सुताच्या व्यापारात बरे दिवस आले तेव्हा घेतली होती. मडिवाळप्पा तेव्हा टांगा हाकायचा. याच्या हाताला चोरी ठाऊक नाही, एवढंच बघून त्यांनी त्याला टांग्यावरून उतरवून मोटारीवर बसवलं. मडिवाळप्पाची आयुष्याची कमाई म्हणाल तर तेवढीच. ना जमीन, ना पोरबाळ. एक बायको, चंद्रव्वा, आणि बाळीवेशीच्या पेठेत चारचौघांनी सरळ माणूस म्हणून ओळखावं, असं नाव.

सिद्धलिंगप्पा गेले आणि ईरप्पाने मोटार घरामागच्या पत्र्याखाली ढकलून ठेवली. "आटवड्यातनं एकदा तरी चालू करू द्या धनी, न्हाईतर आखडंल," असं मडिवाळप्पा म्हणाला, तेव्हा ईरप्पाने, "पेट्रोल काय तुझ्या बापानं ठेवलंय?" असं विचारलं होतं. तेव्हापासून वर्षभर मडिवाळप्पा पेढीवर सुताच्या गाठी वाहत होता आणि सकाळी मोटार पुसत होता.

आज पहाटेपासून त्याने जमेल ते सगळं केलं होतं. बसलेल्या चाकांत हवा भरली. सीटखालचं उंदराचं घरटं काढलं. प्लग घासून इंजिनाच्या लोखंडाला टेकवले आणि हँडल फिरवायला लावलं, तर ठिणगी चांगली निळी पडली. म्हणजे अडत होतं ते पेट्रोलात. त्याने वाकून नळीखालची पितळी वाटी सोडवली. पेट्रोलात गाळ असला तर तो तिथे बसतो. वाटी काठोकाठ भरली होती, पण पेट्रोलाने नव्हे.

"काय हाय रे?" ईरप्पा ओसरीवरून ओरडला.

"पानी हाय, धनी."

अक्कलकोटचे पाहुणे पोट धरून हसले. "ईरप्पा, तुमची मोटार लई सोवळ्यातली दिसती की! पाण्यावरच ऱ्हाती!"

ईरप्पाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पाहुण्यांना तर काही बोलता येत नव्हतं. तो पायऱ्या उतरून खाली आला.

मडिवाळप्पाचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. वाटीच्या तळाशी पांढरट साका बसला होता. त्याने तो चिमटीत घेऊन चोळला. रोज सकाळी कपाळाला लावायची विभूती त्याच्या बोटांना अंधारातही कळली असती. आणि मग त्याला सगळंच कळलं.

सिद्धलिंगप्पांची बायको, सावित्रम्मा, रोज लिंगपूजा झाली की विभूती मिसळलेल्या तीर्थाची वाटी घेऊन पत्र्याखाली यायची. मालकीण पूजेला आली की गड्यामाणसांनी पाठ फिरवून उभं राहायचं, ही त्या घराची रीत. मडिवाळप्पाने वर्षभर इमानाने पाठ फिरवली होती. त्याला वाटायचं, अव्वा मोटारीवर चार थेंब शिंपडत असेल. टाकीचं झाकण काचेच्या पुढेच, म्हातारीच्या हाताला सहज येईल असं होतं, हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पेट्रोल विकलंस आनि पानी भरलंस, व्हय रे मडिवाळ्या?" ईरप्पाने त्याची गचांडी धरली. "वरीसभर माझं खाऊन?"

"न्हाई धनी. लिंगाची आन."

"मग पानी काय आभाळातनं पडलं?"

सावित्रम्मा माजघराच्या दारात उभी होती. मडिवाळप्पाने तिच्याकडे बघितलं. "अव्वा," तो म्हणाला, "तुमीच सांगा की."

म्हातारीने एकदा लेकाकडे बघितलं, एकदा पाहुण्यांकडे. पदर कपाळावर ओढला.

"मला काय ठावं, बाबा? मोटारीतलं मला काय कळतंय?"

मडिवाळप्पाची मान खाली गेली. वर्षानुवर्षं तिला आईसारखं मानलं होतं त्याने.

"पी ते," ईरप्पा म्हणाला. पाहुण्यांपुढे गेलेली अब्रू त्याला आता कुठून तरी भरून काढायची होती. "पानी हाय न्हवं? पी सगळ्यांच्या म्होरं."

बिरप्पा हसला. पाहुणे पुढे सरकून बसले.

मडिवाळप्पाने पायातल्या वहाणा काढल्या. उजव्या हाताचा तळवा वाटीसारखा केला, त्यात ते पाणी ओतलं, डोळे मिटले आणि पिऊन टाकलं. उरलेला ओला हात त्याने डोक्यावरून फिरवला. तीर्थ जसं घ्यायचं, तसं. ओसरीवर केवढा हशा पिकला! या माकडचेष्टा बघून पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दारातल्या म्हातारीला तेवढं हसू आलं नाही. ती चौकट धरून आत गेली.

त्यानंतर ईरप्पाने त्याच्याकडूनच काम पुरं करून घेतलं. मडिवाळप्पाने टाकी रिती केली, नळी फुंकून साफ केली, वाटी पुसली, नवा डबा फोडून पेट्रोल ओतलं. खोकत खोकत त्याने स्वतःच हँडल मारलं. मोटार पहिल्याच हिसक्याला चालू झाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ईरप्पा चाकामागे बसला. मोटार हाकायला त्याला मडिवाळप्पानेच शिकवलं होतं.

"उद्यापासनं हितं दिसू नगंस," तो म्हणाला. "पोलिसात देत न्हाई, पाव्हण्यांचे उपकार मान."

मडिवाळप्पा मागच्या दाराने निघाला, तेव्हा सावित्रम्मा तिथे वाट बघत होती.

"चुकलं रे माजं," ती कुजबुजली. "मालक मोटारीला कदी उपाशी ठेवत न्हवते. ती नुसती हुबी बघून जीव तुटायचा. म्हनून घोटभर तीर्थ द्यायची."

"मग तवा का बोलला न्हाईसा, अव्वा?"

"ईरप्पा म्हनतोय, म्हातारीला भ्रम झालाय, मठात नेऊन टाकतो. हे कळलं तर आजच टाकंल. तू कुनाला बोलू नगंस. चंद्रव्वालाबी न्हाई. बायकांच्या तोंडात काय ऱ्हात न्हाई. लिंगाला हात लाव, मडिवाळप्पा."

काय म्हणावं या बाईला! माणसाचं नाव घालवलं ते घालवलं, वर त्याचं तोंडही शिवून घेतलं. आणि हा असा खुळा, की त्याने गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

घरी पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. चंद्रव्वा चुलीपुढे बसली होती. भाकरी थापता थापता तिने वर न बघता विचारलं, "खरं हाय?"

"म्या चोरी केली न्हाई."

"मग पानी कुनी घातलं?"

मडिवाळप्पाने मोरीवर जाऊन चूळ भरली.

"मोटारीजवळ तुमच्याबिगर कोन जात हुतं?"

त्याला खोकला आला. पेट्रोलाचा वास तोंडातून जात नव्हता. चंद्रव्वाचे हात थांबले.

"बरं. इकलं तर इकलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "पर मग पैसं कुटं गेलं? वरीसभर म्या ठिगळाचं लुगडं नेसतीया. ह्या घरात तर एक दिडकी आली न्हाई. कुनाच्या घरात घातलंसा?"

मडिवाळप्पाने तोंड उघडलं. त्याचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

"नगा," चंद्रव्वा म्हणाली. "निदान खोटी आन तरी घेऊ नगा."

तिने तव्यावरची भाकरी काढून त्याच्या ताटलीत ठेवली, कांदा फोडून दिला, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. मग स्वतःची भाकरी पदरात घेतली आणि शेजारणीच्या ओट्यावर जाऊन खायला बसली.