तृप्तीचा गुडघा

तिसरा घाव बसला तेव्हा तृप्तीला मोगरीचा आवाज आधी ऐकू आला, दुखलं नंतर. कपडे धुवायची साधी लाकडी मोगरी, पण मनिषनं ती दोन्ही हातांनी उगारली होती आणि नेम धरून तो उजव्या गुडघ्यावरच हाणत होता. तोंडावर तो कधी मारत नसे. जवाहरनगरच्या क्वार्टरांत बायकोच्या तोंडावरचा वळ दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या बसमध्ये चघळला जातो, एवढी अक्कल त्याला होती.

"धाव आता," नवरा म्हणाला. "पाहतो कशी धावतेस त."

कारण काय, तर रविवारी भंडाऱ्याच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत तिनं नाव दिलं होतं. चाळिशीतली बायको ट्रॅकपँट घालून पळते, म्हणून ड्युटीवर कुणीतरी त्याची टर उडवली होती.

दवाखान्यात सासूनं, सत्यभामाबाईनं, आधीच सांगून टाकलं की सून धावून धावून गुडघा घालवून बसली. गर्दी होती. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि धावणं बंद म्हणाले. तृप्ती गप्प राहिली. बारा वर्षं गप्पच होती, आणखी एकदा राहिल्यानं काय बिघडतं?

बिघडलं. चार दिवसांत कॉलनीभर झालं, आणि मैदानावर धावायला येणाऱ्या नऊ बायकांपैकी सहा जणींना घरच्यांनी दम भरला. पाचव्या दिवशी केवळरामकाका घरी आले. कारखान्यातून रिटायर झालेले हे गृहस्थ रोज सकाळी बायकांना फुकट धावायला शिकवत. पाऊल लांब फेकू नका, लहान टाका, टाच आपटू नका, गुडघा जन्मभर पुरेल. तृप्ती त्यांची सर्वांत गुणी शिष्या.

काका खुर्चीच्या कडेवर टेकले. सुजलेल्या गुडघ्याकडे त्यांना बघवेना.

"मीच काहीतरी चुकीचं शिकवलो असन, बाई," ते म्हणाले. "उद्यापासून बंद करून राहिलो. अजून कोनाचे गुडघे नाही तोडाचे मले."

मनिषनं त्यांच्या हाती चहा दिला, स्वतःचा कप उचलला आणि साळसूदपणे म्हणाला की जाऊ द्या काका, वयच झालं तिचं.

 मार तृप्तीनं पचवला होता. पण या भल्या माणसानं आपल्यापायी स्वतःला दोषी समजावं, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

"तुमचं काही नाही चुकलं, काका," ती म्हणाली. "पाय बरोबरच पडत होता माहा. ह्यायनं मारलं. मोगरीनं."

मनिषच्या हातातला कप तिच्या कानाजवळ भिंतीवर फुटला. गरम चहा मानेवरून पाठीत गेला. तो अंगावर धावून आला तसे काका मध्ये उभे राहिले आणि बुक्की त्यांच्या जबड्यावर बसली. म्हातारा जागचा हलला नाही. ओठाचं रक्त बाहीला पुसून त्यांनी तृप्तीपुढे खांदा केला.

बाहेर ऊन चढलं होतं. खांद्याला धरून, उजवा पाय ओढत ती पायऱ्या उतरली. आवाज ऐकून शेजारच्या बायका दारात आल्या होत्या. काय झालं म्हणून कुणीतरी विचारलं. तृप्ती थांबली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं.