बिनआवाजी गप्पा

“आज तोंड उघडायचं नाही,” बायकोने बजावलं. “तुम्ही नुसतं पाणी मागितलंत तरी शेजाऱ्यांना वाटतं, भांडण पेटलं.”

मागवाल्याने मान डोलावली. त्याची उभी हयात कापडगिरणीच्या मागांवर गेली होती. अर्धेमुर्धे कान गिरणीनेच ठेवून घेतले, आणि तिथे चढलेला आवाज गिरणी बंद पडल्यावरही उतरला नाही. मुलीने पसंत केलेल्या मुलाच्या घरचे आज पहिल्यांदाच येणार होते. आपल्या आवाजाने तिचं जमलेलं मोडायला नको, म्हणून तो ओठ शिवल्यासारखा बसून राहिला.

पाहुणे आले. मुलाने सोबतच्या आजीला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. “आजी हल्ली मनाशीच बोलते. लक्ष देऊ नका.”

मुलाच्या वडिलांनी तब्येत विचारली. मागवाल्याने मान हलवली. आईने लग्नाबद्दल विचारलं. त्याने पुन्हा मान हलवली.

“ह्यांचा स्वभावच अबोल,” बायको म्हणाली. मुलीला ठसका लागला.

जरा वेळाने मुलाचे आईवडील मोकळ्या हवेसाठी गॅलरीत गेले आणि काचेचं दार ओढून घेतलं. बिचाऱ्यांना काय माहीत! मागांच्या खडखडाटात अख्खं खातं एकमेकांचे ओठ वाचून बोलायचं.

“बाप भलताच घुम्या आहे,” काचेआड आई म्हणत होती. “आपण नकोच आहोत त्याला. चहा संपला की निघू या.”

मागवाल्याने शब्द न् शब्द वाचला. बोलावं तर भांडण, गप्प बसावं तर घुम्या. त्याने नजर फिरवली, ती आजीच्या ओठांवर जाऊन थांबली.

“बिस्किटं मऊ पडलीत,” आजी अगदी गिरणीतल्यासारखे नुसते ओठ हलवून म्हणत होती. “चहा म्हणजे बशी विसळलेलं पाणी. पोरगी मात्र झकास.”

त्याने आवाज न काढता ओठ हलवले. “बिस्किटं बायकोने आणलीत. कुठली गिरणी?”

आजी चपापली. “नदीपलीकडची. सूतखातं. रुईच्या धुळीने आवाज खाल्ला. घरच्यांना वाटतं, डोकंच गेलं.”

“तुमचा मुकादम कसा होता?”

आजीने बसल्या जागी मान ताठ केली, गाल फुगवले, पोट पुढे काढलं. हुबेहूब मुकादम! मागवाला असा काही हसला की कपबशा खणखणल्या. बायकोने कपाळावर हात मारला. मुलाचे आईवडील धावत आत आले. आजी खांदे हलवून हसत होती आणि डोळे पुसत होती.

“आईला काय झालं?” मुलाच्या वडिलांनी विचारलं.

“काही नाही!” मागवाला गरजला. “चहात साखर हवीये! आणि पोरगी पसंत आहे म्हणतात!”

“तुम्हाला कसं कळलं?” मुलाच्या आईने विचारलं.

“त्या सांगतायत ना!”

मुलाचे वडील खाली बसले आणि आपल्या आईच्या ओठांकडे बघत राहिले. निघायची भाषा पुन्हा कोणी काढली नाही. मुलाच्या आईने स्वतः उठून सासूच्या कपात साखर घातली.

संध्याकाळी, सगळं ठरवूनच, पाहुण्यांची गाडी सुटली. वर चढवलेल्या काचेआडून आजीचे ओठ वळणापर्यंत हलत होते, फाटकातून मागवाल्याचेही.

“काय म्हणत होत्या?” बायकोने विचारलं.

“लग्न लवकर करा म्हणाल्या. बोलायला कोणी नाही.”

हे तो इतक्या हळू बोलला की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बायकोला “काय?” म्हणून पुन्हा विचारावं लागलं.