भिंतीपलीकडची मुक्ती

पावसाळ्याचे तीन महिने वृद्ध भंते त्या छोट्या विहारात मुक्कामाला असत, आणि त्या तीन महिन्यांत विहाराच्या कोठाराला एक ठरावीक वास सुटे: ओल्या गोणपाटाचा, आंबलेल्या तांदळाचा आणि उंदरांच्या मुताचा. वंदनेला येणारी मंडळी कोठारावरून जाताना नाकाला रुमाल लावीत आणि मूर्तीसमोर पोहोचल्यावर तो घडी करून खिशात ठेवीत.

कारण सर्वांना ठाऊक होते. वर्षावासात, म्हणजे भंत्यांच्या या पावसाळी मुक्कामात, धान्यदानाची तिथे चढाओढ चाले. प्रत्येक पोत्याला दात्याच्या नावाची पाटी लागे, आणि समाप्तीच्या दिवशी सर्वांच्या देखत ते धान्य गरिबांना वाटले जाई. तोवर पोते फाटो, भिजो, त्यात अळ्या होवोत, त्याला हात लावायचा नाही असा दंडक होता, कारण मधल्या काळात येणाऱ्या पाहुण्यांना नावे दिसायला हवीत. खुद्द भंत्यांना मूठभर भात पुरत असे.

उंदीर माजले यात नवल नव्हते. पण प्राणिहत्या करणार नाही, हे शील रोज सकाळी मोठ्याने घेणाऱ्यांना विष घालणे शोभणार नव्हते. म्हणून पिंजरे आणले गेले. वंदना आटोपली की रात्री सापडलेले उंदीर मागच्या भिंतीपाशी नेत. मुलांना पुढे उभे करत. अध्यक्ष ‘सर्व प्राणी सुखी होवोत’ म्हणत, पिंजऱ्याचे दार भिंतीपलीकडे उघडले जाई आणि मंडळी हात जोडत. अध्यक्ष म्हणजे विमा कचेरीतून निवृत्त झालेले भाऊ. या विधीला ‘मुक्ती’ हे नाव त्यांनीच दिले होते.

भिंतीपलीकडे एक अरुंद गल्ली होती आणि त्या गल्लीत काकूंची खोली.

काकू शिवणकाम करून पोट भरत आणि पावसाळाभर भंत्यांचा स्वयंपाक विनामोबदला सांभाळत. मुक्तीच्या वेळी त्या नेहमी कोठाराशेजारच्या चुलीपाशी असत. गल्लीत उंदीर असायचेच, एवढेच त्यांनी गृहीत धरले होते. त्या वर्षी त्यांच्या लेकीला दिवस भरण्याआधीच मूल झाले. हाताच्या ओंजळीत मावेल एवढी नात कितीतरी दिवस इस्पितळात काचेच्या पेटीत होती. आता तिला घरी न्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती; पण खोली स्वच्छ ठेवा, हे तीनतीनदा बजावून. जावई दूरच्या कारखान्यात होता, तेव्हा लेक आणि नात काकूंकडेच येणार होत्या.

त्या सकाळी काकू भात उतरवून लवकर घरी आल्या. उकळत्या पाण्याने फरशी घासली आणि धुतलेली दुपटी दाराशी खाटेवर पसरली. तेवढ्यात वरून ओळखीचा सामूहिक स्वर आला आणि एक लठ्ठ, ओला उंदीर दुपट्यांवर आदळला. पांढऱ्या कापडावर पिवळट ओघळ सोडून तो खोलीत शिरला. त्याच्या मागोमाग दुसरा.

“भाऊ, एक मला सोडू द्या ना!” वरून कुणा मुलीचा आवाज आला.

“सोड, पण हळू हं, बाळ. त्याला लागेल.”

काकूंनी मान वर केली. भिंतीच्या कडेवर जोडलेल्या हातांची फक्त बोटे दिसत होती.

दुपारी त्या विहाराच्या कार्यकारिणीसमोर उभ्या राहिल्या.

“भाऊ, परवा माझी नात घरी येतेय. एवढीशी आहे हो. तुमचे उंदीर माझ्या खाटेवर पडतात.”

“आमचे कसे, काकू?” भाऊ हसले. “उंदीर का कुणाच्या मालकीचे असतात?”

“सापडतात तर तुमच्याच कोठारात. तिकडे बस आगारामागच्या माळावर नेऊन सोडा.”

“या चिखलात?” चिटणीस म्हणाले. “माझा आत्ताच गुडघा बदललाय.”

“मग ती पोती तरी वाटून टाका. खायला नसलं की येतील कशाला?”

चिटणिसांच्या बायकोने, जिला सगळे ताई म्हणत, समजुतीच्या सुरात सांगितले, “असं कसं, काकू? समाप्तीला माझ्या माहेरची माणसं येणारेत एवढ्या लांबून. पोतं दाखवायला नको?”

अखेर भाऊंनी मार्ग काढला. “असं करू. पिंजरे तुमच्या दाराशी ठेवतो. पुढे त्यांचं काय करायचं ते तुम्ही बघा. आम्ही काही विचारणार नाही.”

शेवटचे वाक्य त्यांनी खिडकीबाहेर पाहत उच्चारले. काकूंना त्याचा अर्थ लगेच समजला, आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला समजला आहे हेही.

पहिले दोन दिवस त्या पिंजरे उचलून माळापर्यंत गेल्या. तिसऱ्या दिवशी नात घरी होती, अंगात किंचित ताप होता, लेक रडत होती आणि उंबऱ्यावर तीन पिंजरे होते. काकूंनी मोरीत बादली भरली आणि एकेक पिंजरा पाण्यात बुडवून धरला. तारेतून बाहेर आलेली गुलाबी नखे त्यांच्या बोटांवर ओरखडत राहिली. बुडबुडे थांबायला फार वेळ लागतो, हे त्यांना माहीत नव्हते. नंतर त्यांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तरी दिवसभर नातीला उचलले नाही.

चार दिवसांनी ताई चुलीपाशी आल्या. पदर नाकाला होता.

“काकू, राग मानू नका. पण जीव घेतलेल्या हातांचं अन्न भंतेजींच्या पात्रात... लोक बोलतात.”

“आणि पिंजरे?”

“ते चालू द्या की! त्याचा काय संबंध?”

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावरच्या पिंजऱ्यावर स्वच्छ पांढरे कापड झाकलेले होते. जणू नैवेद्यच. काकूंनी तो कापडासकट उचलला आणि तशाच विहारात गेल्या. मंडळी रांगेत बसली होती. भंते शील देत होते. प्राणिहत्या न करण्याचे पहिलेच शील सुरू असताना काकूंनी पिंजरा भाऊंच्या मांडीसमोर ठेवला आणि कापड काढले.

“आज तुमची पाळी, भाऊ.”

उंदराने तारांवर उडी मारली. भाऊ मागे सरकले, तसे चिटणीस बदललेल्या गुडघ्यानिशी टुणकन उठले.

“अहो, काय हे! वंदनेच्या वेळी!”

भंत्यांना कमी ऐकू येई, पण डोळे चांगले होते. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिले, काकूंच्या ओरखडलेल्या बोटांकडे पाहिले. मग ते सावकाश उठले, पिंजरा उचलला आणि अनवाणीच बाहेर पडले.

मंडळींची एकच धांदल उडाली. “भंतेजी, छत्री!” “अरे, मोबाइल कुणाकडेय? फोटो काढा!” ज्या चिखलाला सगळे घाबरत होते, त्यातून आता धक्काबुक्की करत वीसपंचवीस जण माळापर्यंत गेले. उंदीर गवतात दिसेनासा झाला तेव्हा टाळ्या वाजल्या. परतल्यावर भंत्यांचे पाय कोण धुणार यावरून दोघांची चक्क बाचाबाची झाली.

पाय धुऊन होताच भंते म्हणाले, “कोठार रिकामं करा. आजच वाटा.”

“हो, हो, भंतेजी,” भाऊ त्यांच्या कानाशी मोठ्याने बोलले आणि चिटणिसांकडे वळून हलकेच पुटपुटले, “समाप्तीला होईलच की.”

मग ते प्रसन्न मुद्रेने काकूंपाशी आले. “बघा, सुटला की नाही प्रश्न? उद्यापासून तुम्ही स्वयंपाकाला या. भंतेजींनीच पिंजरा हातात धरला म्हटल्यावर आता कोण काय बोलणार?”

“आणि उद्याचे पिंजरे?”

“ते ठेवतो ना नेहमीसारखे तुमच्या दाराशी.”

काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यावर ना लबाडी होती, ना लाज. सकाळच्या पुण्याने आलेली तकाकी तेवढी होती.

“मी येणार नाही, भाऊ.”

“पिंजऱ्यांचं म्हणता?”

“स्वयंपाकालाही नाही.”

“अहो, मग भंतेजींचं जेवण? आमच्या ताई काही त्या कोठाराजवळ जायच्या नाहीत. त्यांना किळस येते.”

“मलाही येते,” काकू म्हणाल्या.

“उंदरांची सवय होते हो हळूहळू.”

“उंदरांची झाली, भाऊ.”

त्याच दुपारी त्यांनी थोरल्या बहिणीला फोन केला. तिची खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, आधीच माणसांनी भरलेली. तरी ती ‘या’ म्हणाली. दोन पिशव्या भरल्या. शिवणयंत्र नेणे शक्य नव्हते, म्हणजे हातातली कामेही गेली. ती कुणाकुणाची आहेत याचा विचार काकूंनी पुढे ढकलला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना लेकीने दार उघडले आणि ती जागच्या जागी थबकली.

उंबऱ्यावर पांढऱ्या कापडाने झाकलेला पिंजरा होता. आत खुडबुड चालली होती.

“आई, आता?”

“ओलांड,” काकू म्हणाल्या, आणि नातीचे तोंड आपल्या खांद्याकडे वळवून त्यांनी स्वतः पाय उचलला.