जानील नावाची चूक

डोंगरातल्या कुरणावर राहणाऱ्या तोक्तोसूनने थोरल्या मुलीचं नाव ठेवलं बुरूल, म्हणजे ‘वळ’. नशिबानं मुलाकडे वळावं म्हणून. ते काही वळलं नाही. चार वर्षांनी पुन्हा मुलगीच झाली. तिचं नाव जानील, म्हणजे ‘चूक’. ही चूक मग त्यानं स्वतःच सुधारली. जानीलचे केस कापले, विजार चढवली, कमरेला सुरी दिली आणि साऱ्यांना सांगितलं, “हा माझा मुलगा.”

बुरूलच्या पोटात तेव्हा जी आग पेटली, ती सतराव्या वर्षीही विझली नव्हती. घोड्यांचं दूध काढायचं तिनं, कणीक तिंबायची तिनं. आणि जानील पुरुषांच्या पंगतीत बाबांच्या मांडीला मांडी लावून घरच्या मुलग्याच्या मानाचा मेंढीचा कान खायची.

“लेकाचा हात बघा माझ्या,” बाबा पाहुण्यांना सांगायचे. “कापताना मेंढी हूं की चूं करत नाही!”

“लेक कसला, सोंग आहे नुसतं,” बुरूल चुलीपाशी पुटपुटायची.

त्या उन्हाळ्यात आईला मुलगा झाला. खराखुरा. चाळिसाव्या दिवशी बाबांनी जानीलच्या कमरेची सुरी सोडून पाळण्याला बांधली. “केस वाढव आता,” एवढंच म्हणाले.

बुरूलला हसू लपवता लपवेना. “या राजे, कणीक मळायला!”

“मला नाही येत, ताई.”

“आईच्या पोटातून कुणाला येतं? मलाही मारूनमुटकूनच शिकवलंय.”

पुढच्याच आठवड्यात बुरूलला बघायला माणसं आली. बाबा खाली बाजाराला गेलेले. मेंढी तर कापायलाच हवी, आणि बाईनं कापलेली चालत नाही.

“बाळाची मूठ सुरीवर धरा,” आई दबक्या आवाजात म्हणाली. “पुरुषाचा हात लागला म्हणजे झालं.”

“आई, आजवर मीच कापत होते ना?” जानील म्हणाली.

“तेव्हा तू मुलगा होतीस.”

बुरूल हसायला गेली, पण हसू फुटलं नाही. दुधानं माखल्या तोंडाचं ते पोर मूठ चोखत पडलं होतं. इतकी वर्षं जिचा हेवा केला, तिच्याकडचं सगळंच उसनं होतं तर! आग तशीच होती, फक्त तिची धग आता पाळण्याकडे वळली. तिनं सुरी सोडवली, जानीलच्या हातात दिली.

“काप तू. एकटीच.”

जेवताना म्हाताऱ्या पाहुण्यानं विचारलं, “घरधनी नाहीत, मग कापली कुणी?”

आई डोळे वटारत होती. “माझ्या बहिणीनं,” बुरूल म्हणाली.

म्हाताऱ्यानं हात मागे घेतला. मंडळी चहा-रोटीवर उठली, घोड्यांवर बसली आणि गेली.

दोघी तंबूमागे बसून ते मांस खात होत्या. “कशी धरतेस गं सुरी? मला शिकव,” बुरूल म्हणाली.

“मुळीच नाही!” जानील उसळली. “तुला बघायला माणसं येतात, आई तुझ्याशी गुजगोष्टी करते. माझ्याकडे एवढंच आहे.”

आपलाही कुणी हेवा करत असेल, हे बुरूलच्या स्वप्नातही नव्हतं.

संध्याकाळी बाबा परतले आणि बुरूलवर कडाडले. “नाक कापलंस माझं! चांगलं घर दवडलंस!” खूप वेळ बोलत होते. जानीलला मात्र एका शब्दानं रागावले नाहीत. तिच्याकडे पाहिलंही नाही.

जानील दाराशी उभी राहून बहिणीला बसणारी बोलणी ऐकत होती, उपाशी माणसानं दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तशी.