बूट दाराबाहेर घालायचे

भार्गवी बूट हातात घेऊन जिना उतरली. शेवटून तिसरी पायरी करकरते, ती तिने बरोबर ओलांडली. खाली तिचे वडील, गुरुनाथ शेलार, स्वेटरवर स्वेटर चढवून उभे होते. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. भार्गवीच्या दोन्ही कापडी बॅगा त्यांनी पहाटेच उचलून दाराबाहेर ठेवल्या होत्या.

"उठली न्हाई न्हवं?" आबांनी वर बोट दाखवत विचारलं.

"नाही. कुशीवर वळली फक्त."

"मग निघ. मागं बघू नगंस. आन बूट भाईर घाल, फरशीवर वाजत्यात."

हा नियम आबांचाच. आर्मी मेडिकल कोरमध्ये अठ्ठावीस वर्षं काढून ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. तेजपूर, लेह, पूंछ, जबलपूर, आणि दर रजेच्या शेवटी वाईच्या घरातून एक निघणं. पोरं उठायच्या आत निघायचं, म्हणजे त्यांना रडायला लागत नाही आणि आपला पाय अडत नाही. नोकरीतलं इतर ज्ञान त्यांनी पेन्शनीबरोबर बाजूला ठेवलं होतं, पण हे एक मात्र मुलीला वारशात दिलं होतं. मुलगी आयर्लंडला येऊन डॉक्टर म्हणून स्थिरावली, इथली नागरिक झाली आणि दोन वर्षांपूर्वी इथल्या सैन्यात कॅप्टन झाली, तेव्हा आबांनी वाईत पेढे वाटले होते. आता सहा महिन्यांसाठी तिला लेबननला जायचं होतं. दक्षिणेकडे संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचा एक तळ होता, तिथल्या दवाखान्यावर तिची नेमणूक होती.

खरं तर आज ती लेबननला जात नव्हतीच. वर्ष दोन हजार वीस. लेबननला निघणाऱ्या प्रत्येकाला आधी चौदा दिवस विलगीकरण होतं, आणि तिच्या तुकडीचं विलगीकरण ॲथलोनमध्येच, म्हणजे त्यांच्या राहत्या गावात, नदीपलीकडच्या बरॅकमध्ये होतं. घरापासून चालत पंचवीस मिनिटं. भेटायचं मात्र कुणी कुणाला नाही. आबांना याचं हसू आलं होतं. परदेशी जायचं म्हणून घर सोडायचं आणि दोन आठवडे नदीच्या दुसऱ्या काठाला राहायचं, अशी पोस्टिंग त्यांच्या काळात निघाली नव्हती.

भार्गवीने उंबऱ्याबाहेर बसून नाड्या बांधल्या. उठताना ती वडिलांना काहीतरी म्हणणार होती. पण शेलारांच्या घरात दारात उभं राहून बोलायची पद्धत नव्हती. गाडी आली, ती बसली आणि मागे न बघता गेली. आबांनी दार आवाज न करता लावलं. शाब्बास, असं त्यांच्या मनात आलंसुद्धा.

आबा इकडे आले होते फेब्रुवारीत, तीन महिन्यांसाठी. मग साथ आली, विमानं बंद झाली, व्हिसा आपोआप वाढत गेला आणि तीन महिन्यांचे नऊ झाले. अख्ख्या नोकरीत समुद्र ओलांडला नाही, आणि पेन्शनीत ओलांडला तर परतीची वाट बंद, असं ते फोनवर वाईच्या शेजारीण सुलेखाताईंना सांगत. जावई अभिजित भला माणूस, पण दिवसभर कानाला यंत्र लावून वरच्या खोलीत मीटिंगमध्ये. जेवताना दोघं एकमेकांना आदराने भाजी वाढत आणि विषय शोधत. नात तन्वी नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र इंग्रजीत येई, तेही इथल्या हेलात. आबांना त्यातलं निम्मं समजे. समजलं नाही की ते मान हलवत, आणि दिवसाकाठी त्यांची मान बरीच हलत असे. भार्गवी संध्याकाळी घरी आली की तेवढं घर त्यांना घर वाटायचं.

आता तीही गेली. आबांच्या खिशात मात्र तिकीट होतं. बावीस नोव्हेंबर, रविवार, मुंबईला जाणारं खास विमान. भार्गवीने एकदाच म्हटलं होतं, "आबा, मी मेमध्ये येतेय. तोवर राहाल?" आबा म्हणाले होते की डिसेंबरात तुझ्या आईचं श्राद्ध आहे, ते आपल्या घरी व्हायला हवं. वृंदाला जाऊन दोन वर्षं होत होती. हे कारण खरं होतं. या घरात आपण कुणालाच लागत नाही, हे दुसरं कारणही खरंच होतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही. भार्गवीने पुन्हा विचारलं नाही. दोनदा मागायचीही त्या घरात पद्धत नव्हती. तन्वीला तिकिटाचं कुणी बोललं नव्हतं. ती उठायच्या आत निघायचं, हे ठरलेलंच होतं.

साडेसातला तन्वी खाली आली. आबा तयारीत होते. आईला साहेबांचं बोलावणं आलं, वगैरे वाक्यं त्यांनी जुळवून ठेवली होती. तन्वीने काही विचारलं नाही. तिने आईचं जाकीट नसलेली खुंटी बघितली. मग जिन्याखालचं कपाट उघडलं, ज्याला ती इथल्या लोकांसारखं 'प्रेस' म्हणे. त्यात घरातल्या सगळ्यांचे बूट असत. आईची जागा रिकामी होती. तिने दार लावलं आणि टेबलाशी येऊन बसली.

"आय'म ग्रँड, आबा," ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत मी ठीक आहे, आणि वाटीतलं सगळं संपवून शाळेत गेली.

संध्याकाळी बरॅकमधून भार्गवीचा फोन आला. तिने विचारलं, सकाळी काय झालं? आबा म्हणाले, "पोरगी रडली न्हाई. शाळेत गेली."

हे वाक्य त्यांचं नव्हतं. वृंदाच्या पत्रांमधलं होतं. तेजपूरला, लेहला, दर रजेनंतरचं पहिलं पत्र याच वाक्याने सुरू होई, आणि ते बरॅकीतल्या पोरांना अभिमानाने वाचून दाखवत. आपण गेल्यावर घरात काय होतं, याविषयी त्यांना आयुष्यभरात तेवढीच माहिती मिळाली होती. दाराच्या या बाजूला ते आज पहिल्यांदाच उभे राहिले होते.

पुढचे दिवस लांब गेले. पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी, दुकानं बंद, रस्त्यात माणूस दिसलाच तर तो पलीकडच्या फुटपाथला जाई. आबा रोज पुलापर्यंत चालत जात. शॅनन नदी तिथे रुंद आणि काळपट होती. पलीकडे बरॅकच्या करड्या भिंती आणि खिडक्यांच्या रांगा दिसत. भार्गवीची कोणती, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. दहा मिनिटं उभं राहून ते परत येत. एका दिवशी आपण चाळीस मिनिटं उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली.

दिवाळीला अभिजितने डब्लिनजवळच्या ओंगारमधून एका मराठी बाईंकडून फराळ मागवला. त्यातला एक डबा आबा बरॅकच्या फाटकावर देऊन आले. मास्कमधल्या पोरसवदा पहारेकऱ्याने टेबलाकडे बोट केलं. आबांनी डबा ठेवला आणि सवयीने सलाम ठोकला. पोरगा गोंधळला, मग त्यानेही ठोकला. नऊ महिन्यांत इथल्या माणसाशी आबांचं झालेलं हे सगळ्यात सरळ बोलणं होतं.

तन्वी शहाण्यासारखी वागत होती. फोनवर आईला दोन शब्दांत उत्तरं देई आणि फोन बाबाकडे देई. पहाटे आबा चहाला उठत तेव्हा तिच्या खोलीचं दार किलकिलं असे. आबांना वाटे, पोर जात्याच लवकर उठणारी आहे, आपल्यावर गेली.

सोमवारी भार्गवीचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बसेस निघणार होत्या, पुलावरून थेट विमानतळाकडे. तिचा आवाज कोरडा होता.

"आबा, तन्वीला आणू नका. माझ्याबरोबर वीस पोरं आहेत, त्यांच्यासमोर मला रडता नाही येणार."

"न्हाई आणत," आबा म्हणाले.

स्वतः मात्र जायचं त्यांनी ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नाही. मंगळवारी सहाला उठून, तोंड धुऊन, कानटोपी घालून ते जिन्याखालच्या कपाटाशी आले. त्यांचा एकच बूट जागेवर होता.

त्यांनी कपाट उपसलं. छत्र्या, अभिजितचे धावायचे बूट, तन्वीचे शाळेचे. डाव्या पायाचा बूट कुठेही नव्हता. त्यांचा पारा चढला. ऐन निघायच्या वेळी हे असं होणं त्यांना नवीन नव्हतं. वाईच्या घरातही दर रजेच्या शेवटच्या पहाटे नेमका एक बूट गायब असायचा. एस.टी. चुकेल म्हणून ते वृंदावर डाफरायचे, एवढंसं घर तुला सांभाळता येत नाही म्हणायचे. ती आतल्या खोलीत जायची आणि बूट घेऊन यायची. तो बूट कोमट असायचा. थंडीत पाय आत घातला की बरं वाटायचं. लेहला, उणे वीसमध्ये, त्यांनी सोबत्यांना कितीदा सांगितलं होतं की आमची बायको निघताना बूट चुलीपाशी ठेवून देते. एकच बूट का ठेवते, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

आबा जिना चढून वर गेले.

तन्वी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. रजई छातीपर्यंत ओढलेली, आणि रजईतून बुटाची नाडी बाहेर आलेली. आबांनी हळूच रजई सारली. बूट तिने पोटाशी धरला होता. त्यांनी तो सोडवून घेतला आणि हात आत घातला.

बूट कोमट होता.

आबा पलंगाच्या कडेला बसले. वाईच्या आतल्या खोलीत चूल नव्हती. चूल मागच्या पडवीत होती. आतल्या खोलीत भार्गवी झोपायची. इतकी वर्षं हे घर त्यांच्या पायाखालचं होतं, आणि त्यांना हे आत्ता, सहासष्टाव्या वर्षी, परक्या गावात सुचत होतं. वृंदाने कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाय निघाला नसता, हे तिला माहीत असणार. आणि भार्गवीनेही सांगितलं नव्हतं. ती तर दोन आठवड्यांपूर्वी बूट हातात घेऊन उतरली होती, बापाने शिकवलं तसं. आबांना एकदम फार एकटं वाटलं, आणि ज्या दोघींना ते सांगायचं, त्यांतली एक नव्हतीच आणि दुसरी नदीपलीकडे बसमध्ये चढत होती.

"तन्वे," त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. "ऊठ बाळा. तुझ्या आईची गाडी निघतीया. बगाया जाऊ."

तन्वीने डोळे उघडले. आधी तिने त्यांच्या हातातल्या बुटाकडे बघितलं. मग इंग्रजीत विचारलं, तुम्ही रविवारी जाणार ना? बाबाला फोनवर बोलताना तिने ऐकलं होतं.

"तिकीट हाय तसं," आबा म्हणाले. "आदी चल."

ते पुलावर पोचले तेव्हा सात वाजून गेले होते आणि अजून उजाडलं नव्हतं. वारा झोंबत होता. तन्वीने पायजम्यावरच कोट चढवला होता. आपण मुलीला दिलेला शब्द मोडतोय, तिच्या पोरांसमोर तिची शोभा करतोय, याची आबांना भीती वाटत होती. परत फिरावं असं मनात येतंय तोवर फाटकातून बसेस बाहेर पडल्या. तीन होत्या. आत दिवे लावलेले, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, सगळे सारखेच. पहिली बस गेली. दुसऱ्या बसमध्ये मधल्या खिडकीतली एक बाई ताडकन उभी राहिली. तिने दोन्ही तळवे काचेवर टेकले, मग कपाळही टेकलं. तिचे खांदे हलत होते. शेजारचा जवान समोर बघत राहिला, जवानाने बघावं तसं.

तन्वीने हात वर केला आणि ती मोठ्याने "आई" म्हणाली. इंग्रजीत त्याला दुसरा शब्द तिला माहीत होता.

बस गेली, तसा आबांनी परत फिरायला पाय उचलला, पण तन्वी हलली नाही. म्हणून तेही उभे राहिले. पूल संपला, रस्ता चढाला लागला, दिवे लहान झाले, वळणावर एकदा पुन्हा दिसले. गाडी दिसेनाशी व्हायला फार वेळ लागतो. गाडीत बसलेल्या माणसाला ते कळत नाही. वृंदा कुठवर बघत उभी राहायची, हे विचारायचं राहून गेलं होतं.

मग तन्वी त्यांच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून रडली. दोन आठवड्यांचं एकदम. आबांनी तिला उगी म्हटलं नाही.

परतताना ते मनात सुलेखाताईंशी बोलत होते. डिसेंबरात कुलूप उघडून वृंदाच्या फोटोला तेवढा हार घाला, दिवा लावा, आमचं येणं होत नाही. ती समजून घेईल, असं ते स्वतःला सांगत होते.

घरी अभिजित दारातच उभा होता, घाबरलेला, एका पायात चप्पल. आबांनी त्याला काय सांगायचं ते थोडक्यात सांगितलं आणि बूट काढून कपाटात ठेवले. तन्वीने आपले काढले. मग आजोबांकडे न बघता तिने त्यांचा डावा बूट उचलला आणि ती जिन्याकडे निघाली.

"एकच नगं," आबा मागून म्हणाले. "दोन्ही ने. मे पातूर मला लागायचे न्हाईत."

तन्वी परत आली, दुसराही बूट घेतला आणि वर गेली. करकरणाऱ्या पायरीवर तिने चांगला जोरात पाय दिला.